नावाचं स्पेलिंग वेगळं ठेवायचंय? जास्तीचं अक्षर कुठे घालावं, कुठे घालू नये

प्रश्न असा आहे: मुलीचं नाव 'आन्वी' ठरलं आहे. इंग्रजी स्पेलिंग चारचौघींसारखं नको आहे, शिवाय अंकशास्त्र बघणाऱ्यांनी एक अक्षर वाढवायला सांगितलं आहे. पुढे कागदपत्रांत त्रास होईल का, आणि वाढवायचंच तर अक्षर नेमकं कुठे वाढवावं?

वेगळ्या स्पेलिंगने त्रास होत नाही, दोन स्पेलिंगांनी होतो. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं, असं झालं की फेऱ्या सुरू होतात. स्पेलिंग वेगळं असलं की तसं होण्याची शक्यता वाढते, एवढाच दोघांचा संबंध. कारण साधं आहे. टाइप करणारा माणूस अक्षरं बघून टाइप करत नाही, ओळखीचा शब्द बघून करतो. दिवसभरात पन्नास नावं भरणाऱ्याच्या बोटांना 'आन्वी'चं जे स्पेलिंग सवयीचं झालंय तेच उमटतं, आणि तुमचं जास्तीचं अक्षर गळतं. त्याने चूक केली असं त्याला वाटतही नाही. म्हणून निवडताना बघायचं ते एवढंच की तुमचं वेगळेपण टाइप करणाऱ्याच्या डोळ्याला अडतं की नजरेतून निसटतं.

मुळात मराठी नावाचं 'बरोबर' इंग्रजी स्पेलिंग कोणतं, याला एकच उत्तर नाही. स्थळनावं इंग्रजी अक्षरांत लिहायला आपल्याकडे हंटेरियन पद्धत अधिकृत आहे. विल्यम विल्सन हंटर यांनी ती एकोणिसाव्या शतकात रूढ केली. व्यक्तीच्या नावाला ती कुणी लावत नाही आणि लावली तरी पुरत नाही, कारण वरच्या मात्रा-रेघा गाळल्या की 'अ' आणि 'आ' दोघांनाही एकच 'ए' उरतो, 'न' आणि 'ण' एक होतात, 'ल' आणि 'ळ' एक होतात, 'त' आणि 'ट' एक होतात. त्यामुळे 'आरव'चे पहिले दोन 'ए' हे खरं तर विचित्र स्पेलिंग नाहीच, दीर्घ स्वर दाखवण्याची सोय आहे. तेच दोन 'ए' 'अनया'च्या सुरुवातीला लावले की मात्र वाचणारा 'आनया' म्हणणार, आणि पुढची काही वर्षं मुलगी वर्गात दुरुस्ती करत बसणार.

आइसलँडमध्ये १९९१पासून नावं तपासणारी सरकारी समिती आहे. यादीत नसलेलं नाव तिच्याकडे मंजुरीला जातं. आपल्याकडे तसली चाळणी नाही. निबंधक तुम्हाला 'हे स्पेलिंग चालणार नाही' असं म्हणायला बसलेला नाही. म्हणजे विचार काय तो आधी, घरीच करायचा.

आता अक्षराची जागा. सगळ्यात महाग पडतं ते पहिलं अक्षर. कुठलीही यादी पहिल्या अक्षरावर लागते, शोध पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. नावं उच्चारावरून जुळवणारी 'साउंडेक्स' नावाची जुनी पद्धत आहे; रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचं पेटंट घेतलं आणि आजही बऱ्याच डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, पुढचे स्वर आणि 'एच', 'वाय', 'डब्ल्यू' टाकून देते, उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ आकडे देते आणि शेजारी शेजारी आलेला तोच आकडा एकदाच मोजते. 'क्षितिज' 'के-एस-एच'ने लिहिलं तर के-३२० येतं, 'एक्स'ने लिहिलं तर एक्स-३२०. बाकी सगळं तेच, पण पहिलं अक्षर बदलल्यामुळे ही दोन नावं एकमेकांना कधीच सापडणार नाहीत. 'वैदेही' 'व्ही'ने आणि 'डब्ल्यू'ने लिहिलं तरी तेच.

याच हिशोबाने 'आन्वी' तपासा. ए-एन-व्ही-आय, ए-ए-एन-व्ही-आय, ए-एन-व्ही-ई-ई, तिन्हींचा संकेत ए-५१० येतो. म्हणजे दोन 'ए' घ्या किंवा शेवटी दोन 'ई' घ्या, निदान असा शोध तरी तिन्ही नावं एकत्र दाखवेल. पण 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घातला की संकेत ए-५०० होतो, कारण 'व्ही'ला आकडा आहे आणि 'डब्ल्यू'ला नाही. कानाला शून्य फरक असलेला बदल यंत्राला सर्वांत मोठा वाटतो, तो असा.

सगळ्या यंत्रणा इतक्या समजूतदार नसतात, हेही लक्षात ठेवा. पॅन आणि आधार जोडताना नावातला फरक अडवतो, तिथे उच्चार कुणी बघत नाही.

मधली जागा सगळ्यात सुरक्षित, पण एका अटीवर: वाढवलेल्या अक्षराला उच्चारात काम असलं पाहिजे. 'विहान'मध्ये 'ह'नंतर दोन 'ए' टिकतात, कारण तिथे खरंच 'आ' आहे. टाइप करणाऱ्याचं तोंडही तसंच म्हणत असतं. बिनकामाचं अक्षर, म्हणजे 'रोहन'ला मध्येच दोन 'एच', हमखास गळतं. शेवटची जागा दुसऱ्या क्रमांकाची धोक्याची. 'ध्रुव'च्या शेवटी दोन 'व्ही' घालण्याची पद्धत दिसते. छोट्या लिपीत आणि हस्ताक्षरात दोन 'व्ही' शेजारी आले की सरळ 'डब्ल्यू' दिसतात. तसंच 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम' वाटतात, त्यामुळे 'अर्णव' बारीक टाइपात 'अमव' होतो आणि स्कॅन करून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअरही तिथेच फसतं. छोटा 'एल' आणि मोठा 'आय' यांची गल्लत तर जुनीच. म्हणून स्पेलिंग ठरवल्यावर ते कॅपिटलमध्ये, छोट्या लिपीत आणि हाताने असं तिन्ही प्रकारे लिहून बघा.

शेवटच्या 'ए'बद्दल वेगळं सांगायला हवं. 'वेद', 'शिव', 'अर्णव' यांना मागे एक 'ए' जोडला की संस्कृतच्या वळणाने ते शुद्धच आहे, पण रोजच्या वाचनात 'वेदा', 'शिवा', 'अर्णवा' होतं. 'वेद'चं तर मुलीचं नाव होतं. फॉर्म भरणारा नावावरून लिंगाचा रकाना अंदाजाने भरून मोकळा होतो, आणि मग दुरुस्ती एकाऐवजी दोन रकान्यांची.

आता काही अक्षरं, जिथे मराठी माणूस वेगळ्या स्पेलिंगच्या भानगडीत स्वतः न पडताही सापडतो.

'ऋ' हा पहिला. मराठीत आपण 'रु' म्हणतो, हिंदीत 'रि'. ऋतुजा, हृषीकेश, कृतिका, मृणाल, अमृता या सगळ्यांची 'यू'वाली आणि 'आय'वाली अशी दोन घराणी आहेत. महाराष्ट्रात राहणार असाल तर 'यू' घ्या. इथल्या शाळेत 'आय' लिहून दिलं तरी कुणीतरी शिक्षक सवयीने 'यू' करतो, आणि दिल्लीकडे नेमकं उलट होतं. 'ज्ञ'चंही तसंच: 'प्रज्ञा'मध्ये आपण 'डी-एन-वाय' लिहितो, हिंदी भाषक 'जी-वाय'. मराठी मुलखाबाहेर 'डी-एन-वाय' वाचताना लोक अडखळतात हे खरं, पण अडखळतात म्हणूनच अक्षर बघून लिहितात. अर्धवट ओळखीच्या नावापेक्षा पूर्ण अनोळखी नाव जास्त नीट उतरवलं जातं, हे कागदपत्रांच्या कामात नेहमी दिसतं.

'त'ला 'टी-एच' लावायची दक्षिणेतली रीत आहे, कारण तिथे साधा 'टी' म्हणजे 'ट'. 'अद्वैत'च्या शेवटी 'एच' लावला की तमिळ किंवा कानडी माणूस बरोबर 'त' वाचतो, मराठी माणूस 'अद्वैथ'. हा बदल फॅशन म्हणून करू नका. दक्षिणेत स्थायिक असाल तर जरूर करा.

'क्ष'ला 'एक्स' वापरणं मधल्या जागी जुनं आणि रुळलेलं आहे. लक्ष्मी आणि दीक्षित ही त्याची पिढ्यान् पिढ्यांची उदाहरणं. ते वाचलं जातं. सुरुवातीला 'एक्स' मात्र इंग्रजी वाचणारा 'झ' वाचतो आणि रोमी कोंकणी वाचणारा 'श'. 'च' आणि 'छ' यांच्या 'सी-एच', 'सी-एच-एच'मध्ये एक 'एच' गळण्याचं प्रमाण मोठं असतं, तेव्हा 'छ' असलेल्या नावाला आणखी काही वेगळं करायला जाऊ नका, ते मुळातच पुरेसं वेगळं आहे. 'ण' आणि 'ळ' इंग्रजीत दाखवताच येत नाहीत. कुणी 'ळ'साठी दोन 'एल' घालतात, त्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ती काळजी देवनागरी रकान्यात घ्यायची, तिकडे येऊ.

अंकशास्त्र खरं की खोटं हा वाद इथे नको. आकडा हवाच असेल तर कमीत कमी नुकसान करून तो कसा आणायचा एवढं बघू. आधी विचारा की तक्ता कोणता वापरलाय. खाल्डियन तक्त्यात ए, आय, जे, क्यू, वाय यांना १. बी, के, आर यांना २. सी, जी, एल, एस यांना ३. डी, एम, टी यांना ४. ई, एच, एन, एक्स यांना ५. यू, व्ही, डब्ल्यू यांना ६. ओ, झेड यांना ७ आणि एफ, पी यांना ८ आहेत. ९ कुणालाच नाही. पायथागोरियन तक्त्यात मात्र वर्णक्रमाने १ ते ९ आणि पुन्हा १पासून. ए-एन-व्ही-आयची बेरीज पहिल्या तक्त्यात १३ म्हणजे ४ येते, दुसऱ्यात १९, म्हणजे १०, म्हणजे १. दोन जणांना विचारलंत तर दोन स्पेलिंगं मिळणार ती अशी.

खाल्डियन तक्ता धरला तर काही सोपी गणितं हाताशी ठेवा. एक 'ए' वाढवला की बेरीज १ने वाढते आणि उच्चार बहुधा बिघडत नाही, म्हणून सगळीकडे दोन 'ए' दिसतात. 'आय'च्या जागी 'वाय' घातला तर बेरीज बदलतच नाही, दोघांनाही १ आहे. 'व्ही'चा 'डब्ल्यू' केला तरी बदलत नाही. आणि गंमत अशी की शेवटच्या 'आय'च्या जागी दोन 'ई' घातले तर १चे १० होतात, म्हणजे वाढ ९ची, आणि ९ वाढले की एक आकडी बेरीज होती तिथेच राहते. ए-एन-व्ही-ई-ईची बेरीज २२, तिचे पुन्हा ४च. एक आकडी बेरीज बदलावी म्हणून कुणी दोन 'ई' सुचवत असेल तर त्याला हे दाखवा. दोन 'ए' घेतले तर १४, म्हणजे ५.

आन्वीपुरतं बोलायचं तर सुरुवातीचे दोन 'ए' हेच मी निवडेन. पहिलं अक्षर 'ए'च राहतं, 'आ' खरोखर दीर्घ आहे, साउंडेक्सचा संकेत हलत नाही, बेरीजही बदलते. हवा असलेला आकडा ५ नसेल तर दुसरं अक्षर शोधा, पण 'एच' टाळा. मराठी नावात 'एच' हे जास्तीचं अक्षर म्हणून सर्वांत वाईट, कारण तो मागच्या व्यंजनाला चिकटून 'त'चा 'थ', 'द'चा 'ध', 'स'चा 'श' करतो. आणि हेही विचारून घ्या की बेरीज फक्त पहिल्या नावाची करायची की पूर्ण नावाची. पूर्ण नावाची असेल तर आई-वडिलांच्या नावांचं आणि आडनावाचं स्पेलिंगही त्यात आलं, आणि ती तुमच्या जुन्या कागदांवर आधीच पक्की आहेत.

बोजड चिन्हं पूर्ण टाळा: आडवी रेघ, वरचा स्वल्पविराम, टिंब, आकडा. पासपोर्टच्या यंत्रवाचनाच्या ओळीत फक्त साधी कॅपिटल अक्षरं चालतात. रेघेच्या जागी भरणचिन्ह (रिकामी जागा भरणारी '<' ही खूण) येतं आणि वरचा स्वल्पविराम गाळला जातो. म्हणजे एकाच पासपोर्टवर नाव दोन प्रकारे. शब्दाच्या मध्ये कॅपिटल अक्षर घालण्याचा तर काहीच उपयोग नाही. पण सगळ्यात फसवी असते ती मोकळी जागा. 'साई श्रद्धा' असं सुटं लिहिलं की यंत्रणा 'साई'ला नाव आणि 'श्रद्धा'ला मधलं नाव समजते. शाळेत ती 'साई' म्हणून हजेरीवर लागते. जोडनाव हवं असेल तर इंग्रजीत सलग लिहा आणि देवनागरीतही सलगच लिहा.

लांबीचा हिशोब बहुतेक जण करत नाहीत आणि महाराष्ट्रात तो आता करायलाच हवा. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. पूर्वी तीन शब्द होते, आता चार. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत प्रत्येकी ४४ जागा असतात. पहिल्या ओळीतल्या पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना जातात, उरतात ३९. त्यात आडनाव, मग दोन भरणचिन्हं, मग बाकीची नावं आणि प्रत्येकामध्ये एक चिन्ह. उदाहरण घ्या: देशपांडे ९ अक्षरं, ज्ञानेश्वरी 'डी-एन-वाय'ने १२, चंद्रशेखर १४. ९ अधिक २ अधिक १२ अधिक १ अधिक १४ म्हणजे ३८. एक जागा शिल्लक राहून बसलं. त्यात आईचं नाव मृण्मयी, शेवटी दोन 'ई' घेऊन ९ अक्षरं आणि एक चिन्ह, घातलं की ४८ होतात आणि नाव तुटतं. तुटलं म्हणून पासपोर्ट रद्द होत नाही, पण तिकीट काढताना कोणतं नाव लिहायचं हा घोळ आयुष्यभराचा. आडनाव लांब असेल तर पहिल्या नावात अक्षर वाढवण्याआधी बोटं मोजा.

आता चाचण्या. स्पेलिंग पक्कं करण्याआधी दहा जणांना फोनवर फक्त नाव सांगा, स्पेलिंग न सांगता, आणि लिहून पाठवायला सांगा. त्यात निम्मे तरी अमराठी असू द्या. मग दुसऱ्या दहा जणांना स्पेलिंग लिहून पाठवा आणि वाचून दाखवायला सांगा. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तरी चालतील; वेगळं स्पेलिंग आहे, ते कुणाला कसं सुचणार? दुसरीत मात्र दहापैकी आठांनी नाव नीट वाचलंच पाहिजे. लिहायला अवघड पण वाचायला सोपं, ते चालतं. वाचायलाही अवघड असेल तर सोडून द्या. तिसरी चाचणी मोबाइलची: मराठी कीबोर्डवर तेच स्पेलिंग इंग्रजीत टाइप करा आणि पहिला मराठी पर्याय काय येतो ते बघा. ही सर्वांत महत्त्वाची, कारण आधार केंद्रावर साधारण हेच घडतं. ऑपरेटर इंग्रजी टाइप करतो, देवनागरी रूप यंत्र आपोआप बनवतं. दोन 'व्ही' घातले की 'ध्रुव्व', 'अर्णव'चा 'अर्नव', 'ळ'चा 'ल' तर ठरलेलाच. पालक इंग्रजी तपासून सही करतात आणि मराठी तसंच छापलं जातं. जाता जाता, स्पेलिंगमध्ये कुठे इंग्रजी अपशब्द तयार होत नाही ना, हे मोठ्याने वाचून बघा. शाळेतली मुलं ते पहिल्या आठवड्यात शोधतात, आणि संकेतस्थळांच्या गाळण्या तसलं नाव स्वीकारतच नाहीत.

देवनागरीतही एक रूप ठरवून ठेवा. मराठी लेखननियमांनुसार व्यक्तिनामांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ: अदिती, हरी, मनू. हिंदी वळणाचं 'अदिति' लिहिलेलं सर्रास दिसतं. संस्कृतनिष्ठ म्हणून तुम्हाला ऱ्हस्वच हवं असेल तर ठेवा, पण मग सगळीकडे तेच ठेवा. शाळेतल्या मराठीच्या बाई ते लाल शाईने दीर्घ करतील याची तयारी ठेवून.

आता पहिला कागद. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालयच देतं. डिस्चार्जच्या घाईत काउंटरवर नाव विचारलं जातं आणि तोंडी सांगितलेलं स्पेलिंग तिथला कर्मचारी त्याच्या समजुतीने भरतो. नाव ठरलेलं नसेल तर सरळ 'नाव नंतर देऊ' म्हणा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १४ यासाठीच आहे: नावाशिवाय नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं, १२ महिन्यांच्या आत विलंबशुल्काशिवाय, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. रिकामा रकाना भरणं सोपं, भरलेला बदलणं कठीण. नाव ठरलं असेल तर कागदावर कॅपिटल अक्षरांत इंग्रजी, शेजारी देवनागरी, खाली आई-वडिलांची नावं त्यांच्या आधारवर आहेत तशी, असं लिहून तो कागद द्या आणि दाखला छापण्याआधी पडद्यावरची नोंद अक्षर-अक्षर वाचा. आई-वडिलांच्या नावांतली चूकही तितकीच भोवते.

जन्मदाखल्याला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे. २०२३ची कायदादुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागायचं, ते या मुलांना नाही. म्हणून क्रम असा ठेवा: जन्मदाखला, त्यावरून आधार, दोन्ही दाखवून शाळा, मग पासपोर्ट. उलट्या क्रमाने कधीच जाऊ नका.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या निळ्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, पण नाव असतं. नाव ठरायच्या आधीच घाईने 'बेबी ऑफ' अमुक अशा नावाने आधार काढलं असेल तर दोनपैकी एक संधी तिथेच खर्च होते. मुलीला लग्नानंतर आडनाव बदलावंसं वाटलं तर दुसरी संधी तिला लागेल. ती स्पेलिंगच्या हौसेत घालवू नका. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अद्ययावत करायला जाल तेव्हा दोन्ही लिप्यांतलं नाव पुन्हा वाचा.

चूक झालीच असेल तर दुरुस्ती जिथे जन्म नोंदला गेला तिथेच होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण माहेरी झालं असेल तर त्या गावची ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका. कायद्याचं कलम १५ चुकीच्या नोंदीसाठी आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात. अर्जासोबत मूळ दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं, रुग्णालयाच्या नोंदीचा कागद आणि प्रतिज्ञापत्र लागू शकतं. अर्जात शब्द जपून वापरा: 'अक्षर गळलं आहे, दुरुस्त करावं' आणि 'आम्हाला स्पेलिंग बदलायचं आहे' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली कलम १५मध्ये बसते. दुसरीला बहुधा नकार येतो आणि राजपत्राचा रस्ता दाखवला जातो.

राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो. अल्पवयीन मुलासाठी पालक अर्ज करतात. पण राजपत्राने जुने कागद आपोआप बदलत नाहीत. जुनं नाव आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे, एवढं ते सांगतं. प्रत्येक कार्यालयात ते दाखवून बदल वेगळा करून घ्यावा लागतो, आणि अर्जातच स्पेलिंग चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत पाठवण्याआधी दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने अक्षरं म्हणत.

मूल शाळेत असेल तर मुदत दहावी आहे. जनरल रजिस्टरमधली नोंद मूल त्या शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर तेच काम फार जड जातं. अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) काढतानाही शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, तेव्हा फरक असेल तर तो तिथेच उघडा पडतो. त्यासाठी नववीतच रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून बघा. दहावीचा फॉर्म शाळेच्या नोंदीवरून भरला जातो आणि बोर्डाकडून आलेली प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी, सहीसाठी विद्यार्थ्यासमोर येते. मुलं ती घाईत सही करून परत देतात. त्या दिवशी तिचा फोटो काढून घरी आणायला सांगा, आणि विद्यार्थ्याचं, आईचं, वडिलांचं नाव दाखल्याशी ताडून मगच सही करू द्या. गुणपत्रिकेवर छापून आलेलं स्पेलिंग सुधारायला पुन्हा शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जावं लागतं.